वरणावरचं तूप आणि बाकीचं सगळं

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस की ताई मी एक तारखेपासून व्हीगन होणार, दूध दही तूप पनीर सगळं एकदम बंद, आणि मी बसमध्ये होते म्हणून नीट बोलता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून आज निवांत बसून लिहितेय. मला आता नऊ वर्षं झाली, त्यातली पहिली दोन मी चुकीच्या पद्धतीने काढली, तुझी तशी जाऊ नयेत एवढंच मनात आहे.

तू अंडी-मटण आधीपासूनच खात नाहीस, म्हणजे तुझा सगळा प्रश्न दुधाचा आहे. आणि दूध सोडायचं म्हटलं की आपल्याकडे सगळे एकच विचारतात, मग खाणार काय? तर तू आत्ता मेसमध्ये काय खातेस ते आठव. पोहे, मटकीची उसळ, पिठलं, भाकरी, भरली वांगी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, यातल्या कशात दूध आहे सांग बरं? वडापाव, मिसळ, सोलकढी, वालाचं बिरडं हे पण बहुतेक वेळा तसंच असतं. व्हीगन हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला हे खरं, पण आपलं ताट त्या शब्दाच्या आधीपासून निम्म्याहून जास्त तसंच आहे. म्हणून बदामाचं महागडं दूध आणि डब्यातलं व्हीगन चीज आणायला पळू नकोस, तुझ्या पगारात ते दोन महिने पण टिकणार नाही आणि मग तू म्हणशील की हे श्रीमंतांचं काम आहे. तसं नाहीये ते. मात्र कुणाशी वाद घालताना आपले पूर्वज व्हीगनच होते असलं काही बोलू नकोस, कारण ते खरं नाही. दूध-तूप आपल्या सणावारात, देवापुढच्या पंचामृतात, आजारी माणसाच्या मऊ भातात सगळीकडे आहे, आणि ते मान्य करूनच आपण वेगळं काहीतरी ठरवतोय.

आता तुपाचं सांगते, कारण मला सगळ्यात जड तेच गेलं. मी ठरवल्यानंतर पहिल्यांदा गावी गेले तेव्हा आईने नेहमीसारखी भाताची मूद पाडली, वर पिवळं वरण, आणि तुपाची वाटी घेऊन माझ्या ताटावर वाकली. मी हात आडवा धरला. ती काही बोलली नाही, चमचा तसाच हवेत राहिला आणि तुपाचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला, कोमट होता. त्या दिवशी ती नीट जेवली नाही. मी काय काय वाचलंय ते सगळं तिला सांगत बसले आणि तिला फक्त एवढंच ऐकू गेलं की पोरीला माझ्या हातचं नको. पुढच्या वेळी मी समजावणं सोडलं आणि नुसतं मागितलं, म्हटलं आई घाण्यावरचं शेंगतेल घाल ना त्यावर, लसणाची फोडणी करून. तिने चार पाकळ्या ठेचल्या, तेलात लाल केल्या, चर्रर्र करून वरणावर ओतलं आणि माझ्याकडे बघत बसली. आता मी जायच्या आधीच तेलाची बाटली भरलेली असते. तर घरी गेलीस की नाही म्हणायच्या आधी काय हवंय ते सांग, आईला वाढायला काहीतरी हातात लागतं गं.

सगळं एका दिवसात बंद करू नकोस. आधी मेसमधलं दही-ताक सोड, मग पनीर, मग गोडाचं, आणि चहा सगळ्यात शेवटी. चहा सुटला नाही म्हणून अख्खा बेत मोडलेली माणसं मी पाहिलीत. कोरा चहा गवती चहा आणि आलं टाकून सवयीने आवडायला लागतो, नाहीतर सोया दूध वापर, पण ते उकळत्या चहात ओतलंस तर फाटतं, म्हणून गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं आणि दूध वेगळं कोमट करून घालायचं. आणि चहा जेवणाला लागून नको, तासभर गॅप ठेव, चहामुळे जेवणातलं लोह अंगी कमी लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे वाचताना मोबाईल बाजूला ठेवू नकोस. बी-12 व्हिटॅमिन. हे डाळीत नाही, पालेभाजीत नाही, कडधान्यात नाही. आंबवलेल्या आंबिलीतून किंवा स्पिरुलिनातून, म्हणजे त्या शेवाळाच्या पावडरीतून, मिळतं असं कोणी सांगेल, त्यावर अवलंबून राहू नको, स्पिरुलिनात असतं ते बरचसं शरीराला न वापरता येणारं असतं. मी पहिली दोन वर्षं गोळी घेतली नाही, मला वाटायचं नैसर्गिक खाणाऱ्याला गोळी कशाला. लिव्हरमध्ये बी-12 चा साठा असतो, माझा बहुतेक आधीपासूनच कमी असणार, आपल्याकडे दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांतही तो खूप जणांचा कमीच असतो. आधी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, वाटलं उभं राहून काम करते म्हणून असेल, मग जीभ लाल आणि गुळगुळीत झाली, मग एकदा जिना उतरताना पायाखाली पायरी आहे की नाही तेच कळेना, कठड्याला धरून तिथेच बसले. टेस्ट केली तर 130, आणि लॅबच्या रिपोर्टवर 200 च्या खाली कमी लिहिलेलं. हिमोग्लोबिन मात्र बरं होतं! डॉक्टरांनी समजावलं की डाळी आणि पालेभाज्यांतून फोलेट नावाचं दुसरं व्हिटॅमिन भरपूर मिळतं त्यामुळे रक्त चांगलं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालू राहतं. इंजेक्शनं घ्यावी लागली, मुंग्या जायला सात-आठ महिने लागले. रोज लागतं किती तर दोन-अडीच मायक्रोग्रॅम, मिठाच्या एका कणापेक्षाही कमी, पण तेवढं लागतंच. म्हणून सुरू करायच्या आधी बी-12, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि डी व्हिटॅमिन तपासून घे, डॉक्टरांना स्पष्ट सांग की मी दूध सोडतेय, आणि ते देतील तो डोस पहिल्या दिवसापासून घे. यात मी तुझं काही ऐकणार नाही.

बाकीचं आपल्या स्वयंपाकघरात आहे. कॅल्शियम मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं, नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त, शिवाय शेवग्याचा पाला, मेथी. पालकावर कॅल्शियमसाठी विसंबू नको, त्यातलं अंगी फार कमी लागतं. उसळीवर लिंबू पिळ म्हणजे लोह लागू पडतं. जवसाची चटणी रोज चमचाभर खा. प्रोटीनसाठी डाळ, कडधान्यं, सोया चंक्स, ते सुके असताना त्यांच्या वजनाच्या निम्मं प्रोटीन असतं. आणि मीठ साधं आयोडीनवालंच वापर, सैंधवाच्या नादी लागू नकोस.

पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नको, तो फक्त शाकाहारी म्हणून असतो, दूध त्यात चालतं. मागची बारीक अक्षरं वाच, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन असं दुधातलंच काहीतरी कुठे ना कुठे सापडतं, बिस्किटात, चिप्सच्या मसाल्यात पण. 2022 मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आले आणि त्यांचं हिरव्या व्ही अक्षराचं वेगळं चिन्ह आहे, पण सगळ्या वस्तूंवर ते नसतं. हॉटेलात नान, जिलबी, साबुदाणा खिचडी घेताना विचारून घे.

अजून एक गोष्ट, जी तू फोनवर जरा तावातावाने बोललीस. रेडकाचा तो व्हिडिओ बघून तुला रडू आलं, मला कळतं ते, मी आमच्या गोठ्यात नर रेडकं खंगताना पाहिलीत, त्यांना दूध पुरेसं सोडलं जायचं नाही, माझं मन तिथेच फिरलं होतं. पण त्याच गोठ्यातल्या दोन म्हशींच्या दुधाचं दर दहा दिवसांनी बिल यायचं आणि त्यावर माझी फी भरली गेली. बाबा पहाटे साडेचारला उठून धार काढायचे, डेअरीत फॅट कमी लागली की दिवसभर गप्प असायचे. त्यांना क्रूर म्हणणं मला जमत नाही, आणि तूही गावाकडच्या कुणाला तसं म्हणू नयेस असं मला मनापासून वाटतं. तुझ्या ताटात काय असावं ते तू ठरव. दुसऱ्याच्या पोटापाण्यावर बोलायचं तर आधी त्याच्या गोठ्यात आठवडाभर राहून ये.

आणि तुला दह्याशिवाय कोशिंबीर जात नाही हे मला माहितीये, त्यावर उपाय आहे. वाटीभर शेंगदाणे रात्री भिजव, सकाळी सालं काढून तीन वाट्या पाणी घालून वाट, फडक्यातून गाळ आणि ते दूध ढवळत उकळ, भसकन वर येतं त्यामुळे पातेलं मोठं घे. करंगळी बुडवून सोसेल इतकं कोमट झालं की हिरव्या मिरचीचे आठ-दहा देठ टोपीसकट विरजण म्हणून त्यात सोड आणि झाकून ठेव. पहिलं दही सैल होतं आणि थोडा शेंगदाण्याचा वास येतो, ते टाकून देऊ नको, त्यातलंच दोन चमचे विरजण पुढच्याला लाव, तिसऱ्या खेपेपर्यंत छान घट्ट लागतं. तुझ्या रूमवर आत्ता थंडी असेल तर डबा टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेव.

रिपोर्ट आले की लगेच फोटो पाठव.

तुझी,
ताई