तिसऱ्यांदा नीट देण्याआधी लेकीला एकदा विचारा

प्रश्न : मुलगी लातूरला राहून दोनदा नीटला बसली. दोन्ही वेळा सीट हुकली. आता म्हणते, हवेतलं विषारी रसायन ओळखणारे पेप्टाइडचे सेन्सर बनवायचेत. पेप्टाइड म्हणजे बायोलॉजीच ना? मग आधी एमबीबीएस कर, संशोधन नंतर, असं माझं म्हणणं. तिला समजवा.
— एक पालक, औसा तालुका

उत्तर : भाऊ, तुमचं मूळ पत्र चार पानांचं. क्लासची फी, मेसचे पैसे, पाहुण्यांच्या पोरांचे मार्क, गहाण पडलेली दोन एकर, सगळं तपशीलवार. लेकीबद्दल एकच ओळ: मागल्या साली सोयाबीनवर फवारताना मला भोवळ आली, तिनंच ओढत बांधावर आणलं, तेव्हापासून हे खूळ शिरलंय.

ती ओळ मी तीनदा वाचली. बापाला भोवळ आलेली बघून जिच्या डोक्यात प्रश्न उभा राहिला, तिच्या प्रश्नाला खूळ म्हणायला तुमची जीभ कशी रेटली? आणि ती दोन एकर तुम्ही जेवताना तिच्यासमोर किती वेळा काढता? गहाण तुम्ही टाकलीत. तिनं मागितली नव्हती. (फवारताना तोंड बांधा, वाऱ्याकडं तोंड करून फवारू नका, हेही सांगून ठेवतो.)

आता तुमचा गैरसमज. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड माळ. मणी वीस प्रकारचे. नुसती सात मण्यांची माळ धरली तरी ती 128 कोटी तऱ्हांनी ओवता येते. त्यातली एखादी माळ ठरावीक रसायनाचा रेणू नेमका पकडते. ती शोधायची, क्वार्ट्झच्या स्फटिकावर नाहीतर ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या पातळ पापुद्र्यावर, बसवायची. रेणू येऊन चिकटला की स्फटिकाचं कंपन किंवा ग्राफीनमधला वीजप्रवाह बदलतो, तो मोजायचा. दमट हवेत पाण्याचे रेणूच मध्ये लुडबुडतात, त्याच्याशी झगडायचं. यातलं साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसमध्ये काय शिकवतात? जवळपास काही नाही. कोट्यवधी माळा एकदम चाळायची फाज डिस्प्ले ही रीत जॉर्ज स्मिथ यांनी 1985 मध्ये दाखवली. 2018 चं नोबेल त्यांना वाटून मिळालं ते रसायनशास्त्राचं, वैद्यकाचं नव्हे. हे काम केमिस्ट्री, फिजिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचं आहे.

वाटा नेहमीच्याच: आयसर या केंद्राच्या विज्ञानसंस्थांसाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा, नाहीतर आपल्याकडंच बीएस्सी केमिस्ट्री आणि मग एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम परीक्षा. अकरावीत गणित सोडलं असेल तर आयएटीत गणिताच्या भागाला मार खाईल, पण बीएस्सीचं दार बंद नाही.

पैशाचं खरं सांगतो. एमएस्सी, पीएचडी धरून आठ-दहा वर्षं जातील, मधली काही फेलोशिपवर. असा सेन्सर उद्या कृषी सेवा केंद्रात विकायला येईल अशीही आशा तिला लावू नका. हे ऐकूनही ती ठाम राहते का, ते बघायचंय.

म्हणून तिला समजवायचं काम मी घेत नाही. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. फिजिक्सचा कोणता धडा आवडला, गणित ठेवलं होतं का, आणि त्या दिवशी बांधावर तिनं नेमकं काय पाहिलं, एवढं लिहू द्या. तुम्ही ते वाचू नका. आणि ते पत्र मला मिळेपर्यंत तिसऱ्या वर्षाची फी भरू नका.