विचारा ना भो : अठ्ठाविसाव्या वर्षी रिटायर?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत शार्लटला आयटीत आहे. दिवाळीत भुसावळला आला तर अंगात निळी जर्सी, पाठीवर ५९ नंबर. म्हणे ल्यूक कीकलीची आहे, अमेरिकन फुटबॉलचा मोठा लाइनबॅकर, आणि हा गडी २८व्या वर्षी खेळ सोडून घरी बसला, करोडोंचा पगार चालू असताना! आमच्याकडे रेल्वेत लागलेला माणूस साठीच्या आधी खुर्ची सोडत नाही. लाइनबॅकर म्हणजे करतो काय आणि ह्याने सोडलं का? डोकं फिरलं होतं का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : दादा, डोक्याचाच विषय आहे, पण तुम्ही म्हणताय तसा नाही.

आधी खेळ समजून घ्या. नावात फुटबॉल असला तरी पायाचं काम थोडंच, बॉल हातात घेऊन पळायचा नाहीतर फेकायचा. अकरा विरुद्ध अकरा, १० यार्ड पुढे सरकायला चार चान्स. बचाव करणाऱ्या टीमची पहिली रांग म्हणजे नुसते रेडे, समोरच्याला धडकायला बसलेले. त्यांच्या मागे चार-पाच पावलांवर उभे असतात ते लाइनबॅकर. कोणी बॉल घेऊन घुसला तर आडवा पाडायचा, फेकणार असेल तर मागे पळून बॉल झेलणाऱ्याला चिकटून राहायचं, नाहीतर थेट फेकणाऱ्यावरच तुटून पडायचं. आपल्या कबड्डीत रेडर आला की मधला एक जण त्याचे पाय बघत असतो आणि बाकीच्यांना खुणावतो ना, तसंच, फक्त इथे रेडर अकरा असतात आणि सगळे आधीच ठरवून आलेले.

म्हणून मधला लाइनबॅकर हा अर्धा मास्तर असतो. २००८ पासून बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, मागे हिरवा ठिपका चिकटवलेला, कोच थेट कानात बोलतो. बहुतेक वेळा तो ठिपका ह्याच्याच हेल्मेटवर. पण प्रत्येक चाल सुरू करायचं जे घड्याळ असतं त्यात १५ सेकंद राहिले की आवाज बंद, मग समोरचे कसे उभे राहिलेत, कोण जागा बदलतोय ते ह्यानेच वाचायचं आणि ओरडून सगळ्यांना हलवायचं. कीकली ह्यात उस्ताद होता, व्हिडिओ इतके बघायचा की समोरची टीम कुठली चाल खेळणार ते आधीच ओरडून सांगायचा, समोरचे पण चक्रावून जायचे.

तिथली मोठी लीग म्हणजे एनएफएल. २०१२ ला त्यातल्या कॅरोलिना पँथर्स ह्या शार्लटच्या टीमने कीकलीला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, नवव्या नंबरवर घेतला, पहिल्याच वर्षी बचावातला बेस्ट नवा खेळाडू, २०१३ ला अख्ख्या लीगमधला बेस्ट बचावपटू. फेब्रुवारी २०१६ ला टीम सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत गेली पण डेन्व्हरकडून २४-१० ने हरली.

आणि मग १७ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. न्यू ऑर्लिन्सविरुद्ध मॅच, एका टॅकलमध्ये डोक्याला मार बसला. गाडीवर बसवून बाहेर नेत होते तेव्हा एवढा मोठा गडी ढसाढसा रडत होता, श्वास लागलेला, आवरता येईना, आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह. मेंदूला धक्का बसला होता. उरलेल्या सहाही मॅचला बाहेर. २०१५ ला एकदा असंच झालेलं, २०१७ ला परत. जानेवारी २०२० ला व्हिडिओतून सांगितलं की खेळायचं मन आहे पण आता बरोबर वाटत नाही.

इथे मला आमच्या गावची यात्रा आठवते. कबड्डीत आमच्या एकाचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं, डोळे पांढरे. कोणीतरी कांदा फोडून नाकाला लावला, तांब्याभर पाणी तोंडावर, आणि पाच मिनिटांत गडी परत मैदानात! आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्याला आपण जिंकलो की हरलो तेच आठवत नव्हतं आणि आम्ही त्याच्यावर हसत होतो. आज आठवलं की पोटात कसंतरी होतं.

अमेरिकेत पण बरीच वर्षं हाच कांदा चालला. ज्युनियर सेआऊ नावाचा लाइनबॅकर २० सीझन खेळला, २०१२ ला ४३व्या वर्षी त्याने स्वतःचा जीव घेतला, नंतर मेंदू तपासला तर सीटीई निघाला, म्हणजे वारंवारच्या धक्क्यांनी मेंदू झिजण्याचा आजार, जो आजही पक्का कळतो तो माणूस गेल्यावरच. मेंदूच्या ह्याच भीतीने ख्रिस बोरलँड हा २४ वर्षांचा लाइनबॅकर एकच सीझन खेळून मार्च २०१५ ला बाहेर पडला, बोनसचा मोठा हिस्सा पण परत केला. कीकली तरी आठ सीझन खेळला. ज्या डोक्यावर कमावलं तेच जात असेल तर मला तरी तो शहाणा वाटतो, भाच्याची जर्सी चांगली आहे, घालू द्या.

प्रश्न : मुलगा कबड्डीत चांगला आहे पण उंची कमी, त्यामुळे टीममध्ये घेत नाहीत. अशा धिप्पाड लोकांच्या खेळात तर बुटक्याला कोणी उभंच करत नसेल ना?
– एक आई, पारोळा

उत्तर : ताई, सॅम मिल्सचं ऐका. उंची ५ फूट ९ इंच, लाइनबॅकरसाठी हे फारच कमी. ड्राफ्टमध्ये कोणीच घेतला नाही, १९८१ ला क्लीव्हलंडने ट्रायलनंतर काढला, मग कॅनडातल्या टीमनेही. मग गडी न्यू जर्सीत एका शाळेत सुतारकाम आणि फोटोग्राफी शिकवायला लागला. १९८३ ला एक नवीन लीग निघाली तिथे चान्स मिळाला, ती लीग बुडाली पण तिथला कोच न्यू ऑर्लिन्सला गेला तो ह्याला घेऊनच. १९८६ ला मोठ्या लीगमध्ये पोचला तेव्हा वय २७, म्हणजे कीकलीने सोडलं जवळजवळ त्या वयात ह्याने सुरू केलं! बारा सीझन खेळला, शेवटचे तीन कॅरोलिनाकडून. २००५ ला कॅन्सरने गेला, २०२२ ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत घेतलं. शार्लटच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, भुसावळचे दादा, भाच्याला सांगा फोटो पाठव म्हणून, ताईंच्या मुलाला दाखवू.

पण ताई, पोराच्या डोक्याला मार लागला तर त्या दिवशी परत खेळू देऊ नका, डॉक्टर हो म्हणेपर्यंत तर अजिबात नाही. कोच काहीही म्हणो.

प्रश्न : आपला कोणी भारतीय आहे का ह्यात? आणि सुपर बोल आपल्याकडे किती वाजता दिसतो?
– एक शेतकरी, रावेर

उत्तर : ब्रँडन चिल्लर, वडील भारतीय वंशाचे. लाइनबॅकरच. २००४ ला सेंट लुईस रॅम्सकडे, मग ग्रीन बे पॅकर्स, २०११ ला त्या टीमने सुपर बोल जिंकला तेव्हा हा जखमी होऊन बाहेर बसलेला.

वेळ म्हणाल तर फेब्रुवारीत, आपल्या सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास. तुमची केळीची गाडी भरायची वेळ तीच असेल, मोबाईल सोबत ठेवा.