खुराडे कंबरेइतके उंच करा, मावशी

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातून एका मावशींचे पत्र आले आहे. शेजारच्या मुलीकडून त्यांनी ते लिहवून घेतले आहे. त्याचा सारांश त्यांच्याच शब्दांत असा:

"माझे वय ६८. मालक जाऊन चार वर्षे झाली. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, सून चांगली आहे. माझ्याकडे २४ गावरान कोंबड्या आणि तीन कोंबडे आहेत. खुराडे मालकांनी स्वतः बांधलेले, दार गुडघ्याइतके. मला १२ वर्षांपासून साखर आहे, बीपीची गोळी चालू आहे, दोन्ही गुडघे झिजले आहेत. श्रावणात पहाटे खुराडे उघडून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय घसरला आणि मी पडले. मनगट सुजले. मुलाला कळवले नाही, शेजारणीने सांगितले. पोळ्याला तो आला आणि म्हणाला, दसऱ्याच्या आत सगळ्या कोंबड्या विकून टाक आणि पुण्याला चल. लेकरापेक्षा कोंबड्या मोठ्या आहेत का, असे विचारले. मोठ्या नाहीत. पण त्या गेल्यावर मी सकाळी उठायचे कशासाठी? एक कोंबडी सहा वर्षांची आहे, दोन वर्षे झाली अंडे देत नाही. तिचे काय करू?"

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच शब्दावर अडखळले. "पाय घसरला" असे तुम्ही लिहिता, परंतु त्याच्या आधी "अंधारी आली" असेही लिहिता. मुलाने घसरलेला पाय पाहिला आणि दोष कोंबड्यांना दिला. अंधारी मात्र कोंबड्यांनी आणलेली नाही. बीपीची गोळी घेणारा माणूस बसल्या जागेवरून एकदम उठला तर त्याचा रक्तदाब क्षणभर खाली येऊ शकतो, आणि साखरेची गोळी घेणारा माणूस रात्रीच्या जेवणानंतर पहाटेपर्यंत उपाशी राहिला तर त्याची साखरही उतरू शकते. हीच अंधारी उद्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर आली तर तिथे दोष द्यायला एकही कोंबडी नसेल.

म्हणून कोंबड्यांचा निर्णय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या, अंधारी किती वाजता आणि काय करताना आली ते नेमके सांगा, आणि रक्तदाब एकदा बसून व एकदा उभे राहून मोजायला सांगा. सुजलेले मनगटही दाखवा, कारण या वयात लहानशी चीर अंगावर काढली जाते आणि हाड वाकडे जुळते. बारा वर्षांची साखर आहे, तेव्हा डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही वर्षातून एकदा झालीच पाहिजे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तोपर्यंत सकाळी बाजेच्या कडेला मिनिटभर बसून मग उठा, दोन घास पोटात गेल्याशिवाय आणि पुरते उजाडल्याशिवाय अंगणात उतरू नका. कोंबड्या अर्धा तास उशिरा सुटल्या तर कलकलाट करतील, यापलीकडे काही बिघडणार नाही.

आता थोडे रागावते. पडल्याचे तुम्ही मुलापासून लपवलेत, ते कोंबड्या जातील या भीतीने, हे न सांगताही कळते. परंतु कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे तुमच्यासारख्या कोंबड्या पाळणाऱ्या बाईला मी सांगावे असे थोडेच आहे? शेजारणीच्या तोंडून कळल्यामुळे मुलाला वाटले की आई अशा आणखी किती गोष्टी दडवत असेल, आणि त्या धास्तीतूनच त्याने दसऱ्याची मुदत घातली. त्याची मुदत मला पटत नाही, धास्ती मात्र पटते. आम्ही भावंडांनीही आईच्या भल्यासाठी तिची म्हैस विकली होती, आणि पुढचे कित्येक दिवस ती पहाटे चारला उठून रिकाम्या गोठ्यातल्या दाव्याला हात लावून परत येत असे. तिला विचारून, थोडे थांबून विकली असती तरी चालले असते.

मुलाला फोनवर नव्हे, समोर बसवून सांगा, आणि पुढचे बदल झाल्यावर सांगा.

पहिला बदल खुराड्याचा. मालकांनी बांधलेले खुराडे मोडायला जीव होणार नाही, तर मोडू नका, त्यात गोवऱ्या आणि तुराट्या ठेवा. पण ज्या दारात दिवसातून चार वेळा वाकावे लागते, ते दार तुमच्या गुडघ्यांसाठी आता संपले आहे. गावातल्या वेल्डरकडून किंवा सुताराकडून चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि कंबरेइतक्या उंच पायांवर उभे असे खुराडे करून घ्या. गावरान कोंबडीला रात्रीपुरती एक ते दीड चौरस फूट जागा पुरते, त्यामुळे यात आठ कोंबड्या आरामात मावतात. जाळी अर्ध्या इंचाची, तळालाही जाळीच, म्हणजे विष्ठा खाली अंथरलेल्या पोत्यावर पडेल आणि ते पोते ओढून काढता येईल. अंडी घालायची पेटी बाहेरच्या अंगाला, वरून झाकण उघडणारी. चढायला फळीचा उतार. पत्र्यावर उन्हाळ्यात कडबा टाकावाच लागेल, कारण आपल्याकडचा एप्रिल-मेचा पत्रा कोंबड्यांना भाजून काढतो. अशा खुराड्यात उभ्याने हात घालून अंडे उचलता येते, आणि मुंगसालाही सहज शिरता येत नाही.

दुसरा बदल संख्येचा, आणि इथे मी मुलाच्या बाजूने आहे. सत्तावीस पाखरे हे आता एकट्या बाईचे काम राहिलेले नाही. गावरान कोंबडी मध्येमध्ये खुडूक होत असल्यामुळे, म्हणजे अंडी घालायचे थांबवून उबवायला बसत असल्यामुळे, वर्षाकाठी साधारण ५० ते ६० अंडी देते. सहा-सात कोंबड्यांची वर्षाची तीनशे-साडेतीनशे अंडी तुम्हाला खायला आणि थोडी विकायलाही पुरतील. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, आणि जीव नसलेले अंडे उलट जास्त टिकते. बांग ऐकल्याशिवाय उजाडल्यासारखे वाटत नसेल तर तिघांतला गरीब स्वभावाचा एक ठेवा.

सर्वांत दमवणारे काम कोंबडी अंड्यावर बसवण्याचे असते. एकवीस दिवस तिच्याकडे पाहायचे, मग पिल्ले निघाली की घारीपासून, मांजरापासून ती राखत दिवसभर अंगणात उठबस करायची. हे काम सोडून द्या. खुडूक कोंबडी आणि अंडी शेजारणीला निम्म्या वाट्याने द्या, आणि वाट्याला आलेल्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या वयाच्या तरुण कोंबड्या, तयार झाल्यावरच घरी आणा.

उरलेल्या विकायच्याच, पण दसऱ्याच्या आत नव्हे. घट बसले की आपल्याकडे बहुतेक घरांत कोंबडी शिजत नाही, आणि तुमची घाई ओळखून व्यापारी पडेल भावाने मागेल. दसरा उलटू द्या, दोन-दोन, तीन-तीन करून गावातच विका.

मुलाच्या मनात आणखी एक शंका असेल, ती कोंबड्यांपासून होणाऱ्या आजारांची. ती उडवून लावू नका. साखरेच्या आजारात तळपायाची संवेदना कमी होऊ शकते, मग काटा रुतलेला किंवा कोंबड्याचे नख लागलेले कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून अनवाणी अंगणात जाणे आजपासून बंद, पाय झाकणारे आणि न घसरणारे बूट घाला, आणि रोज रात्री दिव्याखाली तळपाय पाहा. सुकी विष्ठा झाडताना आधी पाणी शिंपडा, नाकाला पदर घट्ट बांधा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. दुधात कच्चे अंडे फेटून घेण्याची सवय असेल तर सोडा, अंडे पुरते उकडून खा.

मानमोडी म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्या, परंतु कोंबड्या धरण्याचे काम दुसऱ्या कुणाला सांगा, आणि त्या दांडीवर बसल्यावर अंधारात धरा, म्हणजे पळापळ होत नाही. एकाएकी दोन-चार पाखरे मेली तर हात न लावता दवाखान्याला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता, ते गावागावांत लोकांना आठवत असेलच.

शेजारणीवर राग धरू नका. तिच्याशी उलट ठराव करा, की सकाळी सातपर्यंत खुराडे उघडलेले दिसले नाही तर तिने हाक मारावी आणि उत्तर आले नाही तर आत यावे. मोबाइल बाजेवर ठेवायचा नाही, गळ्यात अडकवायचा.

पुण्याचे म्हणाल, तर दिवाळीनंतर महिनाभर जाऊन या. कोंबड्या तेवढे दिवस शेजारणीकडे, अंडी तिची. सून चांगली आहे असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा ते घर पाहुण्यासारखे न राहता वापरून पाहा. एक शब्द मात्र मुलाला आधीच द्या: अंधारी थांबली नाही, दिसणे कमी झाले, किंवा पाण्याचे भांडे उचलायलाही रोज दुसऱ्याची वाट पाहावी लागली, तर उरलेल्या कोंबड्याही द्यायच्या, कारण तहानलेले पाखरू तक्रार सांगायला येत नाही. हा शब्द तुम्ही आपणहून दिलात तर त्याला मुदती घालाव्या लागणार नाहीत.

ती सहा वर्षांची कोंबडी ठेवा. गावरान पाखराला दिवसाला मूठभर ज्वारी आणि अंगणातले किडे-दाणे पुरतात, तेवढ्याने कुणाचे घर बुडत नाही. तिला आता वरच्या दांडीवर उडी मारता येत नसेल. नवे खुराडे करताना सुताराला आठवणीने सांगा, की एक दांडी खाली, तळापासून वीतभर उंचीवर बसव.