जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाली, आता पोस्ट बेसिक करू का?

कर. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी, म्हणजे नर्सिंगची पदवी, आहे. पगारात लगेच फरक पडेलच असं नाही, पेशंटला मात्र पडू शकतो. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नऊ युरोपीय देशांतल्या ३०० हॉस्पिटलांचा अभ्यास आला होता. पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे ऑपरेशनच्या पेशंटची भरती झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. आणि एका नर्समागे एक पेशंट वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी जास्त! हा दुसरा आकडा मॅनेजमेंट सहसा गिळून टाकतं.

शिक्षणाचा उपयोग कुठे, तर बिघाड वेळेत ओळखण्यात. श्वास पूर्ण एक मिनिट मोज. चार्टवर सगळ्यांचे २० लिहिलेले दिसले तर कुणी मोजलेले नाहीत, असंच समज. श्वास २५च्या पुढे गेला तर बीपी चांगलं आहे म्हणून निवांत राहू नकोस. बीपी बऱ्याचदा उशिरा पडतं. ६० किलोच्या पेशंटला तासाला निदान ३० मिली लघवी हवी. कमी असेल तर आधी कॅथेटरची नळी दुमडली आहे का बघ.

फोनवर डॉक्टरांना ‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढंच सांगू नकोस. आता काय होतंय, कशाचं ऑपरेशन, आकडे, तुझा अंदाज आणि तुला काय हवंय, या क्रमाने बोल.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, वॉर्डात प्रत्यक्ष किती तास मिळतात ते सीनियर मुलींना विचार.