दोन किलोची लेन्स, दोन मिनिटांचा वाघ

संक्रांत उलटली, की मला येणाऱ्या फोटोग्राफीच्या प्रश्नांचा सूर बदलतो. तोवर लग्नं, बारशी, गोदाघाटावरच्या पहाटा. आणि मग एकदम ताडोबा. सिन्नरला समृद्धीवर चढलं की संध्याकाळी नागपुरात चहा घेता येतो, तेव्हापासून तर नाशिकहून गाडी काढून जाणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी वाढली आहे. बुकिंग हातात पडलं की घरात पहिला वाद होतो तो लेन्सवरून. या वेळी आलेल्या प्रश्नांतले सहा घेतो.

"माझ्याकडे कॅननचा जुना क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमीच्या लेन्स. मे महिन्यात ताडोबाच्या चार सफारी आहेत. ८० हजारांपर्यंत खर्च करू शकतो. नवी बॉडी घेऊ की मोठी लेन्स? मित्र म्हणतो, ६०० मिमीशिवाय वाघ मिळत नाही." (गंगापूर रोड)

लेन्स घ्या. बॉडी आहे ती राहू द्या, अजून दोन-तीन वर्षं ती काही तक्रार करणार नाही.

मित्राचं मात्र पूर्ण ऐकू नका. वाघ मिळतो गाईडच्या कानांनी. सांबर ओरडलं, गाईडने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, इथून पुढे लेन्सचं काम. आणि ताडोबाची गंमत अशी, की तिथे अंतराचा भरवसा नाही. उन्हाळ्यात वाघ पाण्यावर येतो. तेलिया किंवा पांढरपौनीच्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर तो बसलेला असेल, तर ६०० सुद्धा अपुरी वाटते. तोच वाघ उठून रस्त्याला लागला आणि तुमच्या जिप्सीच्या दिशेने चालत आला, की १५०-६०० लेन्सच्या सुरुवातीच्या, म्हणजे १५० च्या, टोकालाही फक्त नाक आणि एक डोळा मावतो. माझ्याकडे असे अर्धवट नाकांचे फोटो डझनभर तरी असतील.

तुमच्या बॉडीचा सेन्सर लहान (क्रॉप) आहे, म्हणून तिच्यावर कोणत्याही लेन्सचा आकडा १.६ ने गुणायचा. म्हणजे तुमची ५५-२५० आत्ताच फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरवरच्या) ४०० मिमीइतकं जवळ आणते. सिग्मा किंवा टॅमरॉनची १००-४०० घेतलीत तर ती ६४० ला पोहोचते, आणि तिचं वजन ११०० ते १२०० ग्रॅमच्या आसपास आहे. १५०-६०० दोन किलोच्या घरात जाते. पहिल्या सफारीसाठी मी डोळे झाकून १००-४०० सांगेन. नवी बजेटबाहेर गेली तर जुनी बघा, त्याबद्दल पुढे सिडकोच्या मुलाला लिहिलं आहे. तुमच्या ५५-२५० ला मात्र मोडीत काढू नका, ती पिशवीत असू द्या.

प्रकाशाचं म्हणाल, तर या १००-४०० आणि १५०-६०० लेन्स लांबच्या टोकाला एफ/६.३ वर असतात (एफचा आकडा मोठा, तितका प्रकाश कमी). एफ/२.८ च्या लेन्समध्ये एफ/५.६ च्या चौपट प्रकाश येतो हे खरं, पण ४०० मिमीची तशी लेन्स म्हणजे एखाद्या चारचाकीची किंमत. तो विषयच नको. सकाळी गेट उघडल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) बिनधास्त ६४०० पर्यंत जाऊ द्या. बसलेल्या वाघाला शटर १/२५० सेकंद चालतं, चालता वाघ असेल तर १/८०० च्या खाली उतरू नका. फोटो दाणेदार आला तर घरी थोडा सावरता येतो. हललेला फोटो कुणालाच सावरता येत नाही.

आणखी एक. मे महिन्यात चंद्रपूरकडचं ऊन तुम्हाला ठाऊक असेलच. नऊ वाजून गेले की जमिनीवरून हवा थरथरते आणि लांबचा वाघ पाण्यात बुडवून काढल्यासारखा मऊ दिसतो. लेन्स खराब निघाली म्हणून तिथल्या तिथे हळहळत बसू नका. लांबचा नाद सोडून जवळचं चितळ, नीलपंख, बांबूतलं ऊन टिपा.

आता माझी फजिती सांगतो, कारण प्रश्नातला खरा मुद्दा तिथे आहे. काही वर्षांपूर्वी एका मित्राची १५०-६०० उसनी घेऊन गेलो. निघायच्या आदल्या रात्री हातात आली, तशीच बॅगेत टाकली. तिसऱ्या सफारीत वाघीण बांबूतून निघून रस्त्यावर आली, जिप्सीपासून सहा-सात मीटरवर. बटण अर्धं दाबलं, लेन्स घर्र करून पुढे गेली, घर्र करून मागे आली, फोकस काही होईना. वाघीण रस्ता ओलांडून गेली. लेन्सच्या अंगावर एक छोटा स्विच असतो, फोकस लिमिटर. मित्राने तो दहा मीटरच्या पुढे ठेवला होता. दहा मीटरच्या आतलं काहीही ती लेन्स बघायलाच तयार नव्हती. स्विच मला घरी आल्यावर सापडला.

म्हणून लेन्स मेमध्ये नको, आत्ता घ्या. आणि फेब्रुवारी संपायच्या आत दोन रविवार नांदूरमध्यमेश्वरला घालवा. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून या पाणथळीचं नाव झालं, पण आपल्यासाठी ते तासाभरावरचं सरावाचं मैदान आहे. चापडगावच्या बाजूने पहाटे जा. वारकरी नावाचे पाणपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तुम्हाला जवळचा फोकस शिकवतील, उडणारी बदकं लांबचा. डोळा कॅमेऱ्यालाच ठेवून झूम, फोकस पॉइंट आणि आयएसओ बदलता आलं, की तुम्ही ताडोबाला तयार झालात. चालत्या प्राण्याचा सराव हवा असेल, तर येवला तालुक्यात ममदापूरची काळविटं आहेत. ती पळाली की आपलं शटर किती हळू होतं ते लगेच कळतं.

"वय ६७, उजवा खांदा दुखरा आहे. मुलगा मोठा कॅमेरा घेऊन देतो म्हणतोय. मला पक्ष्यांची आवड, एप्रिलमध्ये पेंचला जाणार आहोत. काय घेऊ?" (देवळाली कॅम्प)

ताई, मुलाला आधी एक प्रयोग करायला सांगा. दोन लिटरची पाण्याची बाटली भरायची, डोळ्यासमोर धरायची, आणि दोन मिनिटं हलवायची नाही. ही झाली १५०-६०० लेन्स. त्यात कॅमेऱ्याचं वजन अजून धरलेलंच नाही. जिप्सीत अशी दोन मिनिटं दिवसातून तीस-चाळीस वेळा येतात.

तुम्हाला हलकं सामान हवं, आणि हलक्यात आता चांगलं मिळतं. कॅननचा आर१० आणि त्यावर आरएफ १००-४००: बॉडी सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, लेन्स ६३५ ग्रॅम. दोन्ही मिळून किलोच्या थोडं वर, आणि पोहोच ६४० मिमीची. डोळा ओळखून फोकस करणारी सोय त्यात आहे, पक्ष्यांवर ती फार छान चालते. उणीव एकच, लांबच्या टोकाला एफ/८. संध्याकाळी शेवटच्या वीस मिनिटांत फोटो गढूळ येतील. त्या वेळी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं बघा. मी पण तेच करतो, आणि माझा खांदा दुखत नाही.

याहून हलकं हवं असेल तर मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरचे कॅमेरे बघा. त्यांच्यात आकडा दुप्पट धरायचा. ऑलिंपसची ७५-३०० लेन्स अर्ध्या किलोच्या आतली आहे आणि ६०० मिमीइतकी पोहोचते.

गळ्यातला पट्टा मात्र काढून टाका. आडवा, खांद्यावरून कमरेला येणारा पट्टा घ्या आणि तो डाव्या खांद्यावर घाला. जिप्सीच्या दांडीवर टेकवायला बीन बॅग हवीच. बाजारातली महाग वाटली तर जुन्या जीन्सच्या पायाची तुम्ही घरी शिवू शकाल: वीतभर रुंद, हातभर लांब, एका टोकाला चेन. रिकामी न्यायची आणि मुक्कामी पोहोचल्यावर दोन-अडीच किलो तांदूळ भरायचे. परतताना आमच्याकडे त्याची खिचडी होते.

आणि मुलाच्या पैशांतून थोडे वाचवून ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या. पक्ष्यांची आवड असलेल्या माणसाने कॅमेऱ्याआधी दुर्बीण घ्यावी, असं माझं जुनं मत आहे. या मतावरून माझी भांडणं झाली आहेत.

"ट्रायपॉड न्यावा का? आणि ताडोबात मोबाइल नेऊ देत नाहीत हे खरं का?" (इंदिरानगर)

ट्रायपॉड घरी ठेवा. जिप्सीत सहा पर्यटक, गाईड आणि ड्रायव्हर. तीन पाय पसरायला जागा कुठून आणणार? फार तर एका पायाचा मोनोपॉड. मोबाइलचं ऐकलंत ते खरं आहे, कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, तो जवळ ठेवता येत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर जाऊ नका. कुटुंबाचे फोटो काढायला एखादा जुना खिशातला डिजिटल कॅमेरा न्या, म्हणजे त्यासाठी धुळीत लेन्स बदलावी लागणार नाही. चालत्या जिप्सीत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर चंद्रपूरची माती घरी आणणं. हातात घड्याळ घाला आणि कॅमेऱ्यातली तारीख-वेळ नीट लावून घ्या. मोठ्या लेन्सला वेगळं शुल्क आहे का, ते बुकिंग करतानाच बघा.

"कॉलेजला आहे. लेन्स विकत घेणं शक्य नाही. भाड्याने घेऊ की सेकंड हँड बघू?" (सिडको)

एकाच सहलीपुरती हवी असेल तर भाड्याने. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना सामान देणारी दुकानं नाशिकमध्ये आहेत, पण त्यांच्याकडे जास्त करून ७०-२०० असते. १५०-६०० मागायची तर आधी सांगून ठेवावं लागतं. प्रवासाचे दिवस भाड्यात धरतात का ते पहिल्यांदा विचार. चार सफारींसाठी जाऊन-येऊन सहा दिवसांचं भाडं झालं, तर तुझं गणित कोसळेल.

ताब्यात घेताना दुकानातच तुझ्या बॉडीवर लाव, दहा फोटो काढ, आणि लेन्सच्या सगळ्या बाजूंचा व्हिडिओ दुकानदारासमोर काढून ठेव. मला एकदा एका दुकानातून आलेल्या लेन्सचं स्टॅबिलायझर (हाताचं हलणं सावरणारी सोय) बंद होतं, ते कळलं मुक्कामी. परत दिल्यावर ते माझ्याच हातून बिघडलं असं ठरलं आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. माझ्याकडे व्हिडिओ नव्हता.

सेकंड हँड घेणार असशील तर टॉर्च घेऊन जा. मागचं झाकण काढ, टॉर्च एका बाजूने तिरका मार आणि दुसऱ्या बाजूने बघ. धुळीचे चार ठिपके दिसले तर हरकत नाही, ते फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स तिथेच ठेवून नमस्कार करून निघ, कितीही स्वस्त असो. मग पुढच्या रिंगवर पोचा आहे का बघ, पोचा म्हणजे लेन्स पडलेली आहे. झूम दोन्ही टोकांना नेऊन जवळचं आणि लांबचं फोकस करून बघ. आणि हो, तो लिमिटरचा स्विच!

"ऑगस्टमध्ये आम्ही चौघं केनियात मसाई माराला जातोय. ताडोबासाठी घेतलेलं सामान तिथे चालेल का?" (नाशिक रोड)

चालेल, पण मांडणी बदला. ताडोबात झाडी अडवते, मारात मोकळं गवताळ रान आहे. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप मारा नदी ओलांडतात, त्या वेळी वाइड लेन्स नसेल तर चुटपुट लागते. एका बॉडीवर १००-४००, दुसरीवर २४-७० किंवा साधी किट लेन्स. दुसरी बॉडी कुणाची तरी उसनी घ्या, विकत नको. तिथल्या बऱ्याच गाड्यांचं छप्पर वर उचललं जातं आणि उभं राहून फोटो काढायचे असतात, त्यामुळे बीन बॅग छपराच्या कडेवर बसेल अशी रुंद हवी.

आता ज्यात आपली माणसं फसतात ते. आपण धुळीपासून वाचवायला कॅमेरा सवयीने कॅरीबॅगमध्ये गुंडाळतो. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि कायदा कडक आहे. सामान भरतानाच त्या काढून टाका. जुनी सुती उशीची खोळ उत्तम. पंचा असेल तर आणखी चांगलं, घाम पुसायलाही होतो. नैरोबीहून माराला छोट्या विमानाने जाणार असाल तर साधारण १५ किलोच सामान नेता येतं, तेही मऊ बॅगेत. चाकांची टणक बॅग चालत नाही. सुटे बॅटरी पॅक आणि पॉवर बँक हातातल्या सामानात. तिथला प्लग इंग्रजी पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा, त्याचा अॅडाप्टर एकच घ्या आणि सोबत आपलं एक्स्टेन्शन बोर्ड न्या, चौघांचं चार्जिंग होईल. ड्रोन नेऊ नका.

"आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं. सफारीहून आल्यावर लेन्स कशी ठेवू? आई तांदळाच्या डब्यात ठेव म्हणते." (इगतपुरी)

आईंना सांगा, तांदूळ ओल फारशी शोषत नाही आणि त्याची पिठूळ धूळ लेन्सच्या रिंगमध्ये जाते. हवाबंद झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. नारंगी सिलिका जेल घ्या. हिरवं पडलं की जुन्या तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरता येतं. तो तवा मग स्वयंपाकात नको. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, इगतपुरीच्या पावसात बुरशीला ते माहेरघर. दहा-पंधरा दिवसांनी लेन्स बाहेर काढून थोडी वापरा.

डब्यात ठेवण्याआधी धूळ काढताना आधी फुंकणी, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. कापडाने सुरुवात केलीत तर ताडोबाची वाळू काचेवर घासली जाते. आणि बीन बॅग रिकामी करायला विसरू नका. गेल्या वर्षी आमची खिचडी राहून गेली. आषाढात बॅग उघडली तेव्हा लेन्सच्या झाकणापर्यंत पोरकिडे पोहोचले होते.