रेल्वेचे मोठे सरकारी प्रकल्प इतका पैसा ओतूनही का फसतात?

मी चेंबूरचा, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मोनोरेलवरूनच देतो.

२०१४च्या फेब्रुवारीत चेंबूर–वडाळा टप्पा सुरू झाला तेव्हा आम्ही घरचे सगळे हौसेने बसून आलो होतो. वाटेत माहुलच्या रिफायनऱ्या, खत कारखान्याची वसाहत, खाडीकडची मोकळी जागा. चढणार कोण आणि उतरणार कोण, हे तेव्हाच मनात आलं. गाडी कुठली घ्यायची हे आधी ठरलं आणि माणसं कुठून कुठे जातात हा विचार मागे पडला, असं माझं ठाम मत आहे. मोनोचा पुढचा टप्पा जेकब सर्कलपर्यंत यायला २०१९चा मार्च उजाडला. तिथून महालक्ष्मी स्टेशन चालतच गाठायचं. जवळपास २० किलोमीटरचा मार्ग, सुमारे २७०० कोटी खर्च, प्रवाशांचे अंदाज लाखाच्या पुढचे. प्रत्यक्षात रोजचे प्रवासी वीस हजारांच्या आतबाहेर.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते. लोकलच्या रुळावर कुठल्याही कारखान्याचा डबा चालतो. मोनोचा डबा तुळईला कवटाळून धावतो, म्हणून तो त्याच मापाचा लागतो. मग सगळी भिस्त डबे बनवणाऱ्या एकाच कंपनीवर. मलेशियाची स्कोमी पैशाच्या अडचणीत आली आणि सुटे भाग मिळेनात. बंद गाड्यांचे भाग काढून चालू गाड्यांना लावावे लागले. नोव्हेंबर २०१७मध्ये म्हैसूर कॉलनी स्थानकात दोन डबे जळाले आणि सेवा दहा महिने बंद राहिली. २०१८च्या डिसेंबरात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) कंत्राटच रद्द केलं. गाड्या कमी, त्यामुळे एक चुकली की वीस मिनिटं ताटकळायचं; घाईतला माणूस सरळ रिक्षा किंवा बस पकडायचा.

१९ ऑगस्ट २०२५ला पावसाने हार्बर लोकल ठप्प झाली आणि लोक मोनोकडे धावले. १०४ टनांच्या क्षमतेच्या गाडीत १०९ टन भार झाला, विजेचा संपर्क तुटला आणि गाडी म्हैसूर कॉलनीजवळ उंचावर अडकली. पाचशेहून जास्त माणसं एसीविना कोंडली होती. अग्निशमन दलाने त्यांना शिड्या लावून उतरवलं. बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसं असतात. तिचा भार या चार डब्यांनी कसा पेलावा?

सप्टेंबर २०२५मध्ये सेवा थांबवली, हैदराबादला बनवलेल्या नव्या गाड्या आणल्या. त्याने सुट्या भागांची अडचण सुटेलही. पण माणसं कुठून कुठे जातात हा पहिला प्रश्न उरतोच, म्हणून मला आता जेकब सर्कलहून महालक्ष्मी स्टेशनपर्यंत थेट पादचारी पूल हवा आहे.