‘आमचा’ खेळाडू सोडून गेला तेव्हा

‘मॅडम, एका फुटबॉलपटूने क्लब बदलला म्हणून माझा मुलगा धड जेवत नाहीये. हे नॉर्मल आहे का?’ मे २०२५मध्ये एका आईने मला विचारलेला हा प्रश्न. तेव्हापासून थोड्याफार फरकाने तो मी बऱ्याच पालकांकडून ऐकला. कधी खेळाडू दुसरा असतो, कधी क्लब. मुलाच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीने त्याची गोष्ट इथे सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरावी संपवून बारावीत गेलेला, क्लास सुरू झालेले. लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा निस्सीम चाहता. २७ एप्रिलला लिव्हरपूलने टॉटनहॅमला ५-१ हरवून प्रीमियर लीग ही इंग्लंडची सर्वोच्च साखळी स्पर्धा जिंकली. क्लबचं हे विसावं लीग विजेतेपद. २०२०चं विजेतेपद करोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये साजरं झालं होतं, त्यामुळे अ‍ॅनफिल्ड या घरच्या भरल्या मैदानावरचा हा जल्लोष तब्बल पस्तीस वर्षांनी आला होता. आणि आठच दिवसांत, ५ मे रोजी, संघाचा बचावपटू ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्डने मोसम संपल्यावर क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं. तो स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबकडे जाणार हे एव्हाना सगळ्यांनाच कळून चुकलं होतं. मुलाने खोलीचं दार लावून घेतलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर, सकाळी क्लासला दांडी, ताटात अर्धी पोळी तशीच.

आई घाबरली होती ती वेगळ्याच कारणाने. ‘फुटबॉल हे निमित्त असणार, आत काहीतरी दुसरंच असेल,’ असं तिला वाटत होतं. प्रेमप्रकरण, अभ्यासाचा ताण, मित्रांशी भांडण. मी मुलाशी एकट्याने बोलले, घर, क्लास, मित्र, झोप सगळं विचारलं. जिवाला अपाय करण्याचे विचार मनात येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारलं. तसं काही नव्हतं. त्याला फुटबॉलचंच दुःख झालं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मुलांच्या प्रत्येक दुःखाखाली दुसरं ‘खरं’ दुःख दडलेलं असतं असं धरून चाललं, तर समोर दिसणारं दुःख आपण ऐकतच नाही.

अनोळखी प्रसिद्ध माणसाशी जडणाऱ्या एकतर्फी नात्याचं वर्णन डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६मध्येच केलं होतं. तेव्हा टीव्ही नवा होता. आज तोच खेळाडू रोज फोनमध्ये दिसतो, सराव करताना, घरी, विमानात. नातं एका बाजूचं असलं तरी त्यातली माया खोटी नसते. आणि ते तुटलं की भेटायला कुणी येत नाही. उलट ‘एवढ्यात काय रडायचं’ हे वर ऐकावं लागतं.

त्याला मी म्हटलं, ‘मला फुटबॉलमधलं फार कळत नाही. हा ट्रेंट एवढा तुमचा का, ते सांग.’

त्याने टेबलावरचा पेन स्टँड उचलून गोलपोस्टच्या जागी ठेवला. खोडरबर म्हणजे चेंडू, पेनाचं टोपण म्हणजे ट्रेंट. २०१९, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी. बार्सिलोनाविरुद्धचा पहिला सामना लिव्हरपूलने ०-३ असा गमावलेला, आणि अ‍ॅनफिल्डवर आता ३-० अशी आघाडी घेतलेली. एकोणऐंशीवं मिनिट. कॉर्नर मिळाला. टोपण खोडरबर सोडून दोन बोटं दूर सरकलं. ‘बघा, सगळ्यांना वाटलं हा कॉर्नर घेत नाहीये. बार्सिलोनाचे डिफेंडर इकडे-तिकडे बघतायत.’ मग त्याने टोपण गर्रकन मागे वळवलं आणि खोडरबर पेन स्टँडवर आपटलं. ‘डायरेक्ट ओरिगीकडे! ४-०!’ म्हणजे सहकारी ओरिगीचा गोल, आणि दोन्ही सामने मिळून लिव्हरपूल ४-३ पुढे. ट्रेंट तेव्हा वीस वर्षांचा होता, हा पाचवीतून नुकताच सहावीत गेलेला. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. मामाच्या शेजारी तोंडावर उशी दाबून तो ओरडला होता, कारण आजी झोपली होती. पुढे जूनमध्ये लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीग जिंकली, तीही माद्रिदमध्ये.

आठवडाभर घरात न बोललेला मुलगा हे सगळं हात हलवत सांगत होता.

पुढचंही त्यानेच सांगितलं. ट्रेंट लिव्हरपूलच्याच वेस्ट डर्बी भागातला, सहाव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत. अ‍ॅनफिल्डजवळच्या एका घराच्या भिंतीवर त्याचं मोठं चित्र आहे. ‘बाकीचे खेळाडू येतात-जातात मॅम, पण हा आमच्यातला होता.’ वर तो गेला कराराची मुदत संपवून. करार चालू असताना गेला असता तर क्लबला मोठी रक्कम मिळाली असती, ती नाही. जून महिन्यात जरा आधी सोडलं त्याचेच काय ते थोडे पैसे. ‘फुकट गेला’ हा शब्द त्याने इतक्यांदा उच्चारला की शेवटी मी त्यावरच थांबले.

करार संपल्यावर असं फुकट जाण्याला ‘बोसमन’ म्हणतात, ते या मुलांना ठाऊक असतं. त्यामागचा माणूस नसतो. जाँ-मार्क बोसमन हा बेल्जियमचा खेळाडू. लिएज क्लबसोबतचा त्याचा करार संपला, तरी क्लब त्याच्यासाठी पैसे मागत राहिला आणि तो अडकून पडला. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला की करार संपल्यावर युरोपीय संघाच्या (ईयू) सदस्य देशाचा खेळाडू दुसऱ्या सदस्य देशातल्या क्लबकडे मोकळेपणाने जाऊ शकतो, जुन्या क्लबला त्याचे पैसे मागता येणार नाहीत. हे ऐकून मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, ‘ते बरोबर आहे. पण तरी राग येतो.’ येऊ दे म्हटलं. हक्क मान्य करूनही वाईट वाटू शकतं, दोन्ही एकाच मनात मावतं.

मग मी त्याला क्लॉपबद्दल विचारलं. प्रशिक्षक युर्गन क्लॉपनेही जानेवारी २०२४मध्ये जाण्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा लोकांनी गाणी गात निरोप दिला. तेव्हा राग का नाही आला? त्याने बराच विचार केला. ‘क्लॉप थकला होता. त्याने तसं सांगितलं. ट्रेंट थकला नव्हता. त्याला आमच्यापेक्षा चांगलं काहीतरी हवं होतं.’

खरी जखम इथे होती. आवडता माणूस सोडून जातो हे दुःख आहेच, पण तो ‘अधिक चांगल्याकडे’ जातोय असं वाटलं की आपण कमी पडलो, ही बोच लागते. अख्खं शहर कमी पडलं, क्लब कमी पडला, आणि पुण्याच्या उपनगरात रात्री उशीत तोंड खुपसून ओरडणारा हा मुलगाही कमी पडला. मी त्याला विचारलं, तो गेला त्या मोसमात लिव्हरपूल कितव्या क्रमांकावर होता? ‘पहिल्या.’ मग कमी पडलं कोण? सव्विसाव्या वर्षी एखाद्याला दुसरा देश, दुसरी भाषा, दुसरं मैदान बघावंसं वाटणं हा मागच्या माणसांवरचा निकाल नसतो. लिव्हरपूलचा मायकल ओवेनही २००४मध्ये रेआल माद्रिदला गेला होता, आणि पुढच्याच वर्षी इस्तंबूलमध्ये लिव्हरपूल त्याच्याशिवाय युरोपचं विजेतं ठरलं. हे उदाहरण मुलानेच काढलं, आणि काढताना पहिल्यांदा हसला.

इथे नातेवाईक हमखास एक वाक्य टाकतात: आपली मुलं नाही का शिकायला जर्मनीला जात, आपण पेढे वाटतो की! मला ही तुलना अर्धीच पटते. मुलगा म्युनिकला गेला तरी रविवारी व्हिडिओ कॉल करतो. चाहत्याला कॉल येत नाही. म्हणून हे वाक्य त्याचं तोंड बंद करायला वापरू नका.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम राहिले. त्या रात्री दोनपर्यंत तो फोनवर काय करत होता, तर ट्रेंटच्या इन्स्टाग्रामवर शिव्या लिहीत होता. त्यातली एक प्रतिक्रिया त्याने मला दाखवली. खेळाडूच्या घरच्यांबद्दल होती. ‘सगळेच लिहितायत,’ तो पुटपुटला. ११ मे रोजी आर्सेनलविरुद्ध ट्रेंट बदली खेळाडू म्हणून उतरला तेव्हा अ‍ॅनफिल्डवर अनेकांनी त्याची हुर्यो उडवली होती. संघातला त्याचा मित्र अँडी रॉबर्टसनला ते आवडलं नाही, क्लॉपनेही जाहीर नाराजी व्यक्त केली. चाहत्यांमध्येही उभे दोन तट पडले. हुर्यो उडवणं योग्य की अयोग्य, यावर मी त्याच्याशी वाद घातला नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाचा तो राग आहे. पण कुणाच्या आईबद्दल घाणेरडं लिहिणं हे दुःख नव्हे. ते त्याने माझ्यासमोर पुसलं. मी सांगितलं म्हणून नाही. मोठ्याने वाचून दाखव म्हटल्यावर त्याला ते वाचवेना.

ट्रेंटच्या ६६ नंबरची जर्सी जाळायची की ठेवायची, हाही प्रश्न होता. जर्सी जाळण्याचे व्हिडिओ त्या दिवसांत फिरत होतेच. रागाच्या भरात काही जाळू नकोस, कपाटावर ठेव, दिवाळीत ठरव, एवढंच सांगितलं. झोपेची वेळ ठरवली, रात्री अकरानंतर फोन हॉलमध्ये. आईला सांगितलं की जेवताना त्याला सामन्याबद्दल विचारा, काही कळलं नाही तरी विचारा. दहा-बारा दिवसांत जेवण ताळ्यावर आलं. २५ मे रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ट्रेंटला टाळ्यांसह निरोप मिळाला. तो सामना मायलेकांनी एकत्र पाहिला.

पालकांनी काळजी करायची ती केव्हा? दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण, शाळा-कॉलेज रुळावर येत नसेल तर. मूल बोलणंच बंद करत असेल, सामन्यांवर पैसे लावत असेल, कुणाला धमक्या देत असेल तर. आणि जगण्यात अर्थ नाही अशा आशयाचं काही एकदा जरी बोललं, तर त्याच दिवशी, वाट न बघता. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

नोव्हेंबरमध्ये रेआल माद्रिदचा संघ अ‍ॅनफिल्डवर आला. आपल्याकडे मध्यरात्री दीड वाजता सामना सुरू होणार होता. आईने फोन करून विचारलं, पाहू देऊ का? दुसऱ्या दिवशी परीक्षा नसेल तर पाहू द्या, म्हटलं. लिव्हरपूल १-० जिंकलं. ट्रेंट शेवटी शेवटी उतरला, तेव्हाही हुर्यो उडाली. मुलाने मला सकाळी लांबलचक मेसेज पाठवला. ट्रेंटला त्याने अजून माफ केलेलं नाही, तसं स्पष्ट लिहिलं होतं, आणि मीही त्याला कधी माफ कर म्हटलेलं नाही. पण ते एकच वाक्य होतं. बाकीचा सगळा मेसेज कॉनर ब्रॅडलीबद्दल होता: ट्रेंटच्याच जागी खेळणाऱ्या, याच अकादमीतून वर आलेल्या उत्तर आयर्लंडच्या या पोराने रेआलच्या व्हिनिसियसला कसं रोखून धरलं, त्याबद्दल.